लाइट आली की गोदाम गायब: लांबच्या साइटचे आयपी आणि रूट कायमचे कसे लावले

"सर, लाइट आली, नेटपण आलं, पण ऑफिसातनं गोदाम दिसंना झालंय बघा."

गेल्या उन्हाळ्यात हा फोन मला आठवड्यातून दोनदा तरी यायचा. टॉवेल-चादरीचा धंदा असलेले एक मालक आहेत. ऑफिस सोलापूरच्या नवी पेठेत, कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गोदाम पुणे रस्त्याला चिंचोळीत आणि घर जुळे सोलापुरात. सगळ्या ठिकाणचं नेटवर्क मी बघतो, आणि बहुतेक काम रिमोटवरच करतो. गोदामात फार काही नाही: कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एक डीव्हीआर, बिलिंगचा एक पीसी, एक प्रिंटर आणि हमालांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचे मोबाइल. तरीही लाइट जाऊन आली की ऑफिसातून कॅमेरे बंद, बिलिंग बंद. गोदामात मात्र सगळ्यांचं व्हॉट्सअ‍ॅप व्यवस्थित चालू.

यावर ठरलेला उपाय म्हणजे नेटचा बॉक्स बंद करून पुन्हा चालू करणे. गंमत म्हणजे तीनदा केलं की एकदा तरी जमायचं, त्यामुळे "रीस्टार्ट केला की येतंय" अशी सगळ्यांची पक्की समजूत झाली होती. ही समजूत फार वेळ खाते. रीस्टार्टने काय बदललं हे कळत नाही तोवर दोष तिथेच असतो, फक्त काही दिवस झाकलेला राहतो. म्हणून एकदा ठरवलं, की पुढच्या वेळी फोन आला की रीस्टार्ट करू द्यायचा नाही. तसंच्या तसं ठेवून आधी बघायचं.

जोडणी अशी होती. नेट कंपनीने दिलेला फायबरचा बॉक्स १९२.१६८.१.१ या आयपीवर, म्हणजे नेटवर्कमधल्या पत्त्यावर. वायफाय त्याचंच, आयपी वाटायचं कामही तोच करायचा. त्याच्याच शेजारी, त्याच सबनेटमध्ये (पत्त्यांच्या त्याच गटात), माझा छोटा मायक्रोटिक राउटर १९२.१६८.१.२ वर. (पुढे आयपीचे शेवटचे दोनच आकडे लिहितो: १.१, १.२.) त्याच्यातून वायरगार्ड या व्हीपीएनचा टनेल, म्हणजे इंटरनेटमधून काढलेली खाजगी वाट, नवी पेठेच्या ऑफिसात जातो. ऑफिसच्या लाइनला स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी आहे. गोदामाच्या लाइनला १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातला आयपी मिळतो. हा पट्टा २०१२ साली कंपन्यांच्या सामायिक नॅटसाठीच, म्हणजे अनेक ग्राहक बाहेरच्या एकाच आयपीमागे ठेवण्यासाठी, राखून ठेवला गेला. असा आयपी दिसला की त्या साइटवर पोर्ट फॉरवर्ड करण्यात वेळ घालवू नका, बाहेरून आत येताच येत नाही. टनेल आतूनच बाहेर काढायचा, आणि २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह लावून जागा ठेवायचा. तेवढं आधीपासून नीट होतं.

ऑफिसचं सबनेट १९२.१६८.१०.०/२४, म्हणजे १०.० पासून १०.२५५ पर्यंतचे आयपी. गोदामातला डीव्हीआर उत्तर पाठवतो ते आपल्या गेटवेला, म्हणजे सबनेटबाहेर जायच्या दाराला, इथे १.१ ला. ऑफिसकडे जायची वाट त्या बॉक्सला माहीत नसते. म्हणून बॉक्समध्ये एक स्टॅटिक रूट टाकलेला होता: १९२.१६८.१०.० कडे जायचं असेल तर १.२ कडे दे. सगळा डोलारा या एका ओळीवर उभा होता, हे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

पिंगला उत्तर येतंय, पण कोणाचं?

पुढचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या राउटरवरून तीनच गोष्टी तपासल्या. १.२ ला पिंग (म्हणजे "आहेस का?" अशी हाक): उत्तर. म्हणजे लाइन ठीक, टनेल ठीक. डीव्हीआरच्या १.१०० ला पिंग: उत्तर. मग डीव्हीआरचं पान उघडायला गेलो, तर उघडेना.

इथे बरेच जण डीव्हीआर बिघडला म्हणून मेकॅनिक पाठवतात. मी १.२ वर लॉगिन करून एआरपीचा तक्ता उघडला. एआरपी म्हणजे कोणता आयपी सध्या कोणत्या मॅक अ‍ॅड्रेसवर आहे त्याची यादी. डीव्हीआरचा मॅक, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक, मी बसवतानाच लिहून ठेवला होता. १.१०० समोर भलताच मॅक होता, आणि त्यातलं दुसरं अक्षर ई. हे अक्षर ओळखायला शिका. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यात छापलेला नसतो, सॉफ्टवेअरने बनवलेला असतो. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन वायफायला जोडताना असाच बनवलेला मॅक वापरतात. म्हणजे मला पिंगचं उत्तर देत होता कोणाच्या तरी खिशातला मोबाइल.

आता लाइट आल्यावर काय घडतं ते बघा. बॉक्स एक-दोन मिनिटांत उठतो. कोणाला कोणता आयपी दिला ही वही स्वस्त बॉक्स फक्त मेमरीत ठेवतात. लाइट गेली की वही कोरी. त्याचा वाटायचा पूल होता १.१०० ते १.१९९. सगळे मोबाइल एकदम धावत येतात आणि पहिल्याला १.१०० मिळतो. देण्याआधी बॉक्सने चौकशी केली तरी उपयोग नाही, कारण डीव्हीआर अजून हार्डडिस्क तपासत बसलेला असतो. तो उठतो तेव्हा त्याच्या मेनूत कोणीतरी हाताने टाकलेला १.१०० घेऊनच उठतो. आता एका आयपीचे दोन मालक. कधी डीव्हीआर जिंकतो, कधी मोबाइल. रीस्टार्ट केला की नव्याने सोडत निघते, म्हणून तीनदा केलं की एकदा जमायचं.

तात्पुरता उपाय पाच मिनिटांचा होता. बॉक्सचा पूल १.१५० पासून पुढे सरकवला, म्हणजे हाताने दिलेले आयपी पुलाच्या बाहेर राहिले. माझी खात्री झाली की काम झालं.

आठ दिवसांनी पुन्हा तोच फोन

शब्दसुद्धा तेच. पण या वेळी लक्षण वेगळं होतं, आणि फोनवरच्या वाक्यावरून ते कधीच कळलं नसतं. १.२ उत्तर देत होता, बाकी कोणीच देत नव्हतं. डीव्हीआर नाही, प्रिंटर नाही, बॉक्ससुद्धा नाही. (पीसीच्या पिंगवर मी विसंबत नाही. विंडोजची फायरवॉल दुसऱ्या सबनेटमधून आलेला पिंग बऱ्याचदा गिळून टाकते. पीसी चालू असतो, पण उत्तर येत नाही.)

अशा वेळी एक परीक्षा करून बघाच. लांबच्या राउटरवर लॉगिन करून तिथून डीव्हीआरला पिंग करा. माझ्याकडे उत्तर आलं, कारण राउटर आणि डीव्हीआर एकाच सबनेटमध्ये. मग तोच पिंग, पण पाठवणाऱ्याचा, म्हणजे सोर्स अ‍ॅड्रेस म्हणून टनेलचा आयपी देऊन. उत्तर नाही. या दोन ओळींत निदान संपतं: जायची वाट आहे, परतीची नाही. रूटच्या तक्रारींत माझा सर्वात जास्त वेळ परतीच्या वाटेनेच खाल्लाय. आपण नेहमी "पॅकेट तिथवर पोचतंय का" एवढंच बघतो, उत्तर कोणत्या दाराने बाहेर पडतंय ते बघायचं राहून जातं. डीव्हीआरमध्ये गेटवेची जागा कोरी सोडली असेल तरी हुबेहूब हेच लक्षण दिसतं: गोदामातल्या मोबाइलवर कॅमेरे छान, ऑफिसात अंधार.

बॉक्सवरचा स्टॅटिक रूट उडालेला होता. मग आत शिरायचं कसं? बॉक्सच मला उत्तर देत नव्हता. इथे एक टेकू कामाला येतो. १.२ वर एक नॅटचा नियम टाकला: टनेलमधून येऊन गोदामाच्या सबनेटकडे जाणाऱ्या सगळ्याला १.२ चा मुखवटा लाव. आता डीव्हीआरला वाटतं की विचारणारा शेजारचाच १.२ आहे. तो उत्तर शेजारीच देतो, गेटवेची गरज पडत नाही. क्षणात सगळं दिसायला लागलं, आणि बॉक्सचं पानही उघडलं. बॉक्सची सगळी सेटिंग मूळपदावर गेली होती. पूल पुन्हा १.१०० पासून, रूटचं पान कोरं. बॉक्स कंपनीचा, त्यावर कंपनीचाही लांबून हात चालतो, तेव्हा माझी एक ओळ तिथे कायम राहील असं धरून चालणंच चूक होतं.

बरेच जण हा नॅटचा टेकूच कायमचा ठेवतात. मी ठेवला नाही. डीव्हीआरच्या लॉगमध्ये मग प्रत्येक लॉगिन १.२ वरून आल्याचं दिसतं. कोण कॅमेरे बघून गेलं ते कळत नाही, आणि गोदामाच्या बाबतीत ते कळायला हवं.

त्याच सुमारास मालकांची वेगळीच तक्रार आली: "घरी लॅपटॉपवर गोदाम दिसत नाही, आणि मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं की दिसतंय. हे काय रे?" कारण सरळ होतं. त्यांच्या घरच्या बॉक्सचं सबनेटही १९२.१६८.१.०/२४. लॅपटॉप १.१०० ला आपल्याच घरात शोधत बसायचा, व्हीपीएनकडे वळायचाच नाही. अर्ध्या सोलापूरच्या घरांत बॉक्सवर हाच आकडा असेल. खाजगी वापरासाठी १९९६ पासून तीन मोठे पट्टे मोकळे आहेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८. एवढी जागा असताना धंद्याच्या साइटवर बॉक्सबरोबर आलेला आकडा तसाच ठेवू नये. मी ठेवला होता, आणि बाकी सगळंही बॉक्सवरच सोपवलं होतं; तिन्ही तक्रारींचं मूळ तिथेच होतं.

फांदीवर बसून काम करताना

गोदाम १९२.१६८.३०.०/२४ वर न्यायचं ठरलं. त्याआधी घडलेला एक प्रसंग सांगतो, कारण पुढची सगळी काळजी त्यातून आली.

मे महिन्यात फायबर सारखी पडत होती म्हणून गोदामात फोरजीचा डोंगल लावला होता. एका दुपारी रिमोटवरून मी डीफॉल्ट रूट, म्हणजे वेगळी वाट न नेमलेल्या सगळ्या पॅकेटची वाट, फायबरवरून फोरजीवर वळवला, फक्त चालतो का बघायला. एंटर दाबलं आणि स्क्रीन गोठली. सिमचा रिचार्ज संपला होता. टनेल गेला, माझी परतीची वाटही गेली. भर उन्हात मोटारसायकलवर चिंचोळी गाठली. पत्र्याच्या शेडमध्ये, हात लावला तर चटका बसेल अशा रॅकसमोर बसून एक ओळ परत टाकली. तेवढ्या वेळात दोन गाड्या बिलाविना थांबल्या होत्या.

तेव्हापासून डीफॉल्ट रूटला हात लावण्याआधी एक /३२ रूट, म्हणजे एकाच आयपीपुरता रूट, टाकतो: ऑफिसच्या स्टॅटिक आयपीकडे फक्त फायबरच्या गेटवेने जा. राउटर नेहमी जास्तीत जास्त नेमका रूट निवडतो. डीफॉल्ट कुठेही फिरो, माझा टनेल फायबरवरच राहतो. आणि फोरजी तपासायचा तर डीफॉल्ट वळवायची गरजच नाही. गूगलच्या ८.८.८.८ साठी एकच /३२ रूट फोरजीने टाकायचा आणि त्याला पिंग करायचं. रिचार्ज संपलाय हे घरी बसून दोन सेकंदांत कळलं असतं.

दुसरी सवय म्हणजे बदल आपोआप उलटण्याची सोय आधी करणे. मायक्रोटिकवर सेफ मोड आहे. तो चालू असताना कनेक्शन तुटलं तर राउटर तेवढे बदल मागे घेतो. मात्र कनेक्शन तुटल्याचं त्याला कळायला नऊएक मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ हात बांधून बसायचं, घाबरून गोदामात फोन करून प्लग काढायला लावायचं नाही. सेफ मोडमध्ये एका दमात खूप बदलही करू नयेत. शंभराच्या आसपास झाले की तो मोडमधून स्वतःच बाहेर पडतो आणि मग काहीच उलटत नाही.

कारखान्यात जुना सिस्को राउटर आहे. तिथे आधी 'रीलोड इन १०' देतो, मग बदल करतो. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल', आणि त्यानंतरच सेव्ह. क्रम चुकवू नका. आधी सेव्ह केलं तर दहा मिनिटांनी राउटर चुकीचीच सेटिंग घेऊन उठेल. उलटी चूकही तितकीच नेहमीची: बदल केला, चालला, सेव्ह करायचं राहिलं. सिस्कोवर तो बदल पुढची लाइट जाईपर्यंतच टिकतो. "लाइट गेली की रूट उडतो" अशी तक्रार सिस्कोच्या साइटवर आली तर पहिल्यांदा हेच बघा. ज्युनिपर राउटरवर 'कमिट कन्फर्म्ड' दिलं की पुन्हा कमिट करून होकार देईपर्यंत दहा मिनिटं थांबतो, नाहीतर मागे फिरतो. उबुंटूचा सर्व्हर राउटर म्हणून लावला असेल तर 'नेटप्लॅन ट्राय' दोन मिनिटं देतो.

बदलाची संध्याकाळ

जूनमध्ये एका शनिवारी, माल भरून झाल्यावर काम काढलं. गोदामात बिलिंग बघणाऱ्या ताई थांबायला तयार झाल्या. त्यांच्या लॅपटॉपला त्यांच्याच मोबाइलचं हॉटस्पॉट आणि त्यावर रिमोट डेस्कटॉप. त्याच लॅपटॉपमधून एक केबल माझ्या राउटरच्या तिसऱ्या पोर्टला. केबलच्या बाजूला ३०.२५० हा आयपी हाताने टाकायला सांगितला आणि गेटवे मुद्दाम कोरा ठेवला, नाहीतर लॅपटॉप हॉटस्पॉट सोडून केबलने नेट शोधायला गेला असता आणि माझं रिमोट तुटलं असतं. टनेल मेला तरी आता मला दुसरं दार होतं.

रचना बदलली ती अशी. माझा राउटर बॉक्सच्या शेजारी न राहता बॉक्स आणि मशीनींच्या मध्ये आला. पहिला पोर्ट होता तसाच बॉक्सला, टनेल त्याच्यातूनच जातो, त्याला हातच लावला नाही. बाकीच्या पोर्टांवर नवीन सबनेट, गेटवे ३०.१, पूल ३०.१०० पासून. डीव्हीआरला ३०.१०, पीसीला ३०.११, प्रिंटरला ३०.१२, तिन्ही मॅकवर बांधलेले. कोणी म्हणेल, डीव्हीआरला आयपी हातानेच द्यावा. मी देत नाही. डीव्हीआरच्या मेनूत माउसने टाकलेलं काहीही माझ्या हाताबाहेर असतं. राउटरवर बांधलेला आयपी आणि गेटवे मी कुठूनही बदलू शकतो. हमालांचे मोबाइल बॉक्सच्या वायफायवरच राहिले, म्हणजे त्यांचा पूल आता पूर्ण वेगळा.

"ताई, डीव्हीआरची केबल काढा. पिवळी."
"पिवळ्या दोन हायत की सर."
"जिला तुम्ही सकाळी पांढरी पट्टी लावली ती."

ती राउटरच्या दुसऱ्या पोर्टमधून आलेल्या स्विचमध्ये गेली. डीव्हीआर मी आधीच आयपी आपोआप घेण्यावर टाकला होता, तरी केबल बदलून तो जुनाच आयपी धरून बसला. एकदा बंद-चालू केला तेव्हा ३०.१० आला. प्रिंटर लगेच आला. पीसीत हाताने टाकलेला आयपी ताईंनी स्वतः काढला.

मग ऑफिसातून पिंग, आणि काहीच नाही. टनेलचा हँडशेक, म्हणजे दोन टोकांची एकमेकांना ओळख पटवणं, ताजा दिसत होता. ऑफिसच्या राउटरवर ३०.० चा रूट होता. पण वायरगार्डमध्ये प्रत्येक टोकापुढे त्याला परवानगी असलेल्या सबनेटची यादी असते. त्या यादीत जुनंच १.० होतं, ३०.० नव्हतं. यादीत नसलेलं पॅकेट वायरगार्ड टाकून देतो. रूट आहे, टनेल उभा आहे आणि तरी डेटा जात नाही असं दिसलं की ही यादी उघडा. एका सबनेटचा आकडा बदलला की तो ऑफिसच्या रूटमध्ये, या यादीत, कारखान्याच्या राउटरवर आणि मालकांच्या लॅपटॉपच्या व्हीपीएनमध्ये, चार ठिकाणी बदलावा लागतो. मी दोनच ठिकाणं धरली होती. उरलेली दोन सोमवारी मालकांचा फोन येण्याआधी केली. जुना १.० चा रूट ऑफिसात आठवडाभर ठेवला, त्यावर कोणाचं पॅकेट जात नाही हे काउंटरवर बघितलं, मग काढला. बॉक्समधली पुलाची सेटिंग तशीच सोडली. त्या सेटिंगवर आता माझं काहीच अवलंबून नाही.

रॅकच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: चार आयपी, चार मॅक, कोणती केबल कोणत्या पोर्टला. ताईंच्या अक्षरात आहे, कारण लावताना त्यांनीच लिहिला.

पंधरा दिवसांनी वळवाच्या पावसात चिंचोळीची लाइट दोन तास गेली. रात्री मी राउटरचा लॉग उघडला. आधी प्रिंटर, मग पीसी, आणि तब्बल चार मिनिटांनी, सगळ्यात शेवटी, डीव्हीआर उठला होता. त्याच्यासमोर ३०.१० होता. फोन आला नव्हता.